प्रेमिलाच्या चाळीस ओळी

प्रेमिला कापगते कुडव्यात राहते आणि तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. माहेर अर्जुनी मोरगावकडचं. तीन वर्षांपूर्वी काही हौशी मंडळींनी जिल्ह्यातल्या तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, यादी इंटरनेटवर करायला घेतली, तेव्हा माहेरच्या भागातली नावं हिने भरली. यादीत ‘देवबोडी’ सारखी दोनदा यायची. गाव तेच, बोडी तीच, अक्षरंही तीच. चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की मोबाइलवर टाइप करताना एका नावात न दिसणारी खूण शिरली होती. माणसाला ती दिसत नाही, कॉम्प्युटर मात्र मोजतो. अशा सगळ्या खुणा पुसणारा चाळीस ओळींचा कोड तिने लिहिला आणि कोणीही वापरावा म्हणून खुला ठेवला.

दोघांनी तो घेतला. एक कोहमाऱ्याचा भुपेंद्र, कॉलेजात तिच्याच वर्गातला. तो इकडच्या झाडीबोलीचा शब्दकोश करत होता. दुसरा ग्रंथालयांच्या पुस्तकसूचीचा प्रकल्प. तिथल्या कोणालाच तिने पाहिलेलं नव्हतं. दोघांनी कोड उचलून आपापल्याकडे चिकटवला. प्रेमिलाला बरंच वाटलं.

मग एका दुपारी भुपेंद्रचा फोन आला.

“तुह्या कोडानं माह्या कोशातल्या डोंगराच्या दऱ्यायचा समुद्र करून टाकला.”

काही कीबोर्डांवर ‘दऱ्या’तला र त्या न दिसणाऱ्या खुणेनेच उभा राहतो, खूण पुसली की ‘दर्या’ उरतो. हे प्रेमिलाला माहीतच नव्हतं. भुपेंद्रने आपल्या प्रतीत पुसणंच बंद केलं होतं. तिने तो बदल आपल्याकडे आणला, तर देवबोडी पुन्हा दोन झाल्या. ग्रंथालयवाल्यांनी तिसरंच केलं होतं. वाचकाने काहीही टाइप केलं तरी पुस्तक सापडावं म्हणून त्यांना दऱ्या आणि दर्या एकच हवे होते.

आता चूक कोणाची होती? तिला ठरवता येईना. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते.

कोड एकाच ठिकाणी ठेवू, सगळे तिथूनच घेऊ, असं तिने दोघांना लिहिलं. ग्रंथालयवाल्यांनी आधी कोड वापरायचा लेखी परवाना मागितला. ‘फुकट वापरा’ एवढं लिहून भागत नाही, हे तिला तेव्हा कळलं. परवाना टाकल्यावर त्यांनी कोडात एक जादा सोय मागितली, मग आणखी एक. भुपेंद्र तर सरळच बोलला.

“आज बरोबर हाय. उद्या तू एक ओळ बदलशील अन् माहा कोश बंद पडल. मंग मी कोनाले विचारू?”

तरी तिने कोड एका जागी आणायला घेतला.

सगळ्यांच्या सोयी घालता घालता चाळीस ओळींच्या तीनशे झाल्या. कोणती सोय चालू केली की काय होतं, हे तिलाच वाचून पाहावं लागे. सासूबाई, शकुंतलाबाई, धान पाखडताना हे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “एकच काम हाय त तीन जन तीन जागी काऊन करून राहिले?” प्रेमिला समजावायला बसली आणि अर्ध्यातच थांबली. काम एक होतं की तीन, याचीच तिला खात्री राहिली नव्हती.

शेवटी तिने बहुतेक सगळं काढून टाकलं. ‘दऱ्या’तला र नेहमी एकाच रीतीने लिहायचा, एवढंच ठेवलं. बाकी काय पुसायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. भुपेंद्रने ते घेतलं, पण पुढचे बदल आपोआप येऊ नयेत असं बांधून. ग्रंथालयवाल्यांचं उत्तरच आलं नाही. त्यांच्याकडे जुनीच प्रत चालू आहे.

गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाने तिला चूक कळवली. त्याने दाखवलेला कोड तिने कधी पाहिलेला नव्हता. नावं बदललेली, ओळी इकडच्या तिकडे. फक्त सर्वांत वर लेखक म्हणून प्रेमिला कापगते. हा आपला म्हणावा की नाही? मग तिने त्याला लिहिलं, “ही प्रत तुम्ही कोणाकडून घेतली, ते आधी सांगा.”

त्याला ते आठवत नव्हतं.