नाक कुणावर गेलंय
जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला की लातूरचं ते दुकान आठवतं. दोन लॅपटॉप शेजारी मांडून दुकानदार म्हणाला होता, “काका, पडद्यामागचा उजेड दोन्हीत एलईडीचाच हाय, पण ह्याचा पडदा बाजूनं बघितला की काळा पडतो. जरा सरकून बघा.” मी कशाला सरकतोय! समोर ताठ उभं राहून जास्त लखलखणारा तोच पसंत केला आणि मुखेडपर्यंत एसटीत मांडीवर जपत आणला. त्याच आठवड्यात परदेशातल्या बहिणीनं आपलं बाळ व्हिडिओ कॉलवर दाखवलं. लॅपटॉपचा मालक म्हणून मी मधोमध. आई नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी, पार कडेला. “आई, दिसला का गं नातू?” बहिणीनं तिकडून विचारलं. “हाव, लई गोड हाय की.” कॉल संपल्यावर चहा देताना आईनं हळूच विचारलं, “नाक कुणावर गेलंय रे त्याचं? मला नुसती काळी सावली हालताना दिसली.” “पुढच्या वेळी समोर बस,” मी म्हणालो. पुढच्या वेळेपर्यंत आई राहिली नाही. आताचा लॅपटॉप कुठूनही स्वच्छ दिसतो. परवा भाच्याचा कॉल आला, तेव्हा मी उठून दाराशी, आईच्या जागी जाऊन बसलो. नाक तिच्यावरच गेलंय.