चमचा कोणी घातला

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आमच्या घरात ती नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते आणि ती पद्धत खोटी आहे. खरं फक्त मला आणि माझ्या सुनेला माहीत आहे.

आम्ही कुरुळीचे. मुलगा चाकणला कंपनीत पहिल्या शिफ्टला जातो. सहा वर्षांपूर्वी इथल्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांसाठी वेगळी खोली झाली. सरकारने सामान दिलं, सिस्टरना शिकवून आणलं. त्यांतली एक सिस्टर अंगणवाडीत येऊन, रबरी बाहुली मांडून, पोराला अचानक काही झालं तर काय करायचं ते आयांना शिकवायची. मी बाहेर पारावर बसलेलो. म्हणालो, "आता बाहुल्या खेळायचा बी सरकारी पगार मिळतोय राव!" सगळे हसले. सून मात्र आत शेवटपर्यंत बसली होती.

पंधराएक दिवसांनी, भर दुपारी, तीन वर्षांच्या नातीला तापात आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं. आकडीत जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत चमचा घालायचा, हे मी आईकडून शिकलेलं. बायको शेजारी गेली होती. घरात आम्ही दोघंच.

सून एका हाताने ॲम्ब्युलन्सला फोन लावत ओरडली, "आबा, तोंडात काही घालू नका! कुशीवर वळवा, सिस्टरनी सांगितलंय."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" मी तिचा हात बाजूला सारला आणि चमचा आत रेटला. कट्‌कन आवाज झाला. दुधाचा दात तुटला, तोंड रक्ताने भरलं आणि पोरीचा श्वास घरघरायला लागला. मग सुनेनेच मला ढकलून तिला कुशीवर घेतलं.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. तिने नातीच्या शेजारी डोक्यापासून टाचेपर्यंत एक रंगीत पट्टी पसरली. टाच ज्या रंगावर आली, त्यावरून औषध किती द्यायचं ते क्षणात सांगितलं. डॉक्टरांनी बारीक नळीने रक्त ओढून घेतलं आणि घशात गेलेला दाताचा तुकडा चिमट्याने काढला. इवलासा मास्क लावला. "पूर्वी इथं एवढ्या लहान मापाचं काही नव्हतंच," सिस्टर म्हणाली, "आम्ही पुढे पाठवायचो. सगळी पोहोचायचीच असं नाही."

थोड्या वेळाने नात रडली. ती नळी, तो मास्क, ती पट्टी कुणाच्या सहीने मंजूर झाली, मला ठाऊक नाही. त्या सहीला मी रोज सकाळी हात जोडतो.

मग सिस्टर सुनेला म्हणाली, "ताई, तुम्ही तर अगदी पुढे बसला होतात. तरी चमचा घातलात?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"घाबरले मी," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगा कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "अक्कल कुठं ठेवली होतीस?" मी नातीच्या अंगावरची चादर नीट करत राहिलो.

नात आता शाळेत जाते, नवा दात आलाय. पाहुणे आले की बायको कौतुकाने सांगते, "सूनबाईनं घाबरून चमचा घातला, पण सरकारी डॉक्टरांनी पोर वाचवली बाई!" सून हसते आणि चहा ठेवायला उठते.

सिस्टरला मी पेढे नेऊन दिले. "तुमच्या बाहुलीला हसलो होतो, चुकलो," म्हणालो. ती म्हणाली, "अहो आजोबा, बाहुली काय करणार? तुमच्या सुनेने नातीला कुशीवर घेतलं म्हणून वेळ मिळाला." मी रिकामी पिशवी घडी करून घरी आलो.

गेल्या आठवड्यात सून माझी बीपीची गोळी घेऊन आली. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं.

"काही हवंय का, आबा?"

"न्हाई," म्हणालो आणि गोळी गिळली. बोलायचं होतं ते असं: पोरी, तू बरोबर सांगत होतीस. चमचा घालणारा हात माझा होता आणि बोलणी तू खाल्लीस. मला माफ कर.