माझं काजळ आणि सईचं ब्लॅक मेटल

नातीच्या मित्रमंडळीत सगळ्यात आधी घरी आला ड्रमवाला टॉम, तोंड पांढरंफटक आणि डोळ्यांभोवती माझंच काजळ! मैत्रिणींनो, नात सई दर आठवड्याला "आजी, भरतनाट्यमला हवंय" म्हणून डबी न्यायची. मी खुशीत तुपाचा दिवा लावून काजळ धरायची.

"सई, डान्स क्लास?"

"सोडला आजी. आमचा ब्लॅक मेटल बँड आहे, तोंडं रंगवून किंचाळत गातो."

टॉम गोड हो, चकल्या खातखात सांगत होता. हे असलं संगीत म्हणे इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या पोरांनी सुरू केलं, मग नॉर्वेवाल्यांनी पुढे नेलं.

"आणि हे काजळ कुठून आलं, ठाऊक आहे?" मी त्याला विचारलं.

"दुकानातून. सईच म्हणाली."

क्लासचं सोडा, हे जास्त लागलं. तुम्ही काय केलं असतं? शनिवारी सगळे परत येतो म्हणालेत, रिकामी डबी ओट्यावर ठेवून.