विचारू नका, काढून टाका

बाबा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर दिला. मी तेव्हा नांदेडला नोकरीत होतो आणि बाबा-माय कळमनुरीतल्या घरात राहत होते. बाबांना टाइपिंग येत होतं. त्यांना लिहायचं होतं, आणि काय लिहायचं हेही ठरलेलं होतं: सत्तरच्या दशकातली त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं. तेव्हा ते गावोगाव फिरून देवीची लस टोचायचे. वस्त्यांवर, तांड्यांवर लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणायचे आणि ते आले की पोरं ज्वारीत लपायची.

त्याच वर्षांत माझी थोरली बहीण गेली. ती चार वर्षांची होती आणि मी बारा दिवसांचा. तिला ताप भरला, तो उतरेना. माय बाळंतीण, उठता येत नव्हतं. बाबा तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात निघाले आणि तिसऱ्या दिवशी एकटे परत आले. "ठेवून आलो," एवढंच ते म्हणाले. वाटेत गेली की दवाखान्यात, शेवटी काही बोलली का, कुठं पुरलं, हे मायनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात तिचा फोटो नव्हता. मला ती माहीत होती ती मायच्या एका वाक्यापुरती: "तुझ्या आधी एक व्हती."

लिहायला बसल्यावर महिनाभरानं बाबा मायला म्हणाले, "त्या तीन दिवसांचं लिवून राहिलो. पुरं झालं की वाचून दाखवतो." मायला अक्षरओळख नाही. तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागला.

मग पेन ड्राइव्हचा प्रकार झाला. बाबा काही पानं छापून आणायला झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस घरी घेऊन आले. सगळी फोल्डरं दिसेनाशी झाली. मी रविवारी जाऊन पाहिलं तर फायली जागेवर होत्या, फक्त लपवलेल्या होत्या. काहीच गेलं नव्हतं. पण बाबा घाबरले ते घाबरलेच. डिक्शनरी शेजारी ठेवून ते सुरक्षेच्या सेटिंगचं एकेक पान वाचू लागले आणि वहीत त्याचा अर्थ लिहू लागले.

कॉम्प्युटरमध्ये एक फुकटचा अँटिव्हायरस होता. त्यांच्या समाधानासाठी मी दुसरा, विकतचा टाकला. दोन एकत्र ठेवू नयेत हे मी ऐकून होतो, पण ते म्हणाले, "एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा राहील," आणि मी वाद घातला नाही. पेन ड्राइव्ह लावला तरी उघडणार नाही असं करून टाकलं. शिवाय फोल्डरला कुलूप लावणारा एक प्रोग्राम त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून आणवला. तो सगळ्या पानांची मिळून एकच बंद फाइल करायचा आणि परवलीचा शब्द दिल्यावर ती उघडायचा. "बंद कपाटात कीड जात न्हाई," बाबा म्हणाले. मला त्यात वावगं वाटलं नाही. एकेक गोष्ट शहाणपणाचीच होती.

पण दोन अँटिव्हायरसांचं आपसात पटेना. एक दुसऱ्याच्या फायलींवर संशय घ्यायचा. मिनिटामिनिटाला पडद्यावर चौकट यायची: ही फाइल धोकादायक असू शकते, काय करू? बाबा प्रत्येक वेळी मला फोन करायचे.

"विचारून राहिला. हो म्हणू का न्हाई म्हणू?"

"काय लिहिलंय ते वाचा, बाबा."

ते एकेक अक्षर जुळवून वाचायचे. मी मीटिंगमध्ये असायचो, नाहीतर बसमध्ये. एकदा सकाळपासून पाचवा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तुम्हाला जमत नसेल तर बंद करा ते लिहिणं." मग "बराबर हाय, तू कामात असशील" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर फोन आला नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा मी ते कायमचं मिटवायचं ठरवलं. विकतच्या अँटिव्हायरसमध्ये संशयित फायलीसाठी तीन पर्याय होते: विचारा, बाजूला ठेवा, काढून टाका. विचारायला लावलं की फोन. बाजूला ठेवलं की त्याची यादी रोज दिसणार आणि बाबा ती वहीत उतरवून काळजी करत बसणार. मी तिसरा पर्याय निवडला. बाबा मागं उभे होते.

"आता काही विचारणार नाही," मी म्हणालो. "जे वाईट दिसेल ते आपोआप जाईल."

"चांगलं वाईट त्याला कळतं का?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं."

कुलूपबंद फाइल मी त्याच्या नजरेतून वगळायला हवी होती. तशी सोय होती, दोन मिनिटांचं काम. मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. फाइल दिसत नाही म्हणाले. आवाज साधा होता, म्हणून मीही साधंच घेतलं. रविवारी गेलो. अँटिव्हायरसच्या नोंदीत ती होती: अनोळखी बंद फाइल, संशयित, काढून टाकली. पेन ड्राइव्ह आम्हीच बंद केल्यामुळं दुसरीकडं एकही प्रत नव्हती. छापून आणलेली पानं त्या तीन दिवसांच्या आधीची, नोकरीला लागल्याची. नांदेडच्या एका जाणकाराकडं मी कॉम्प्युटर नेला. त्यानं दोन दिवस खटपट केली आणि म्हणाला, पुसलेल्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, आता काही निघणार नाही.

बाबा एक शब्द रागाचा बोलले नाहीत. मी म्हणालो, "माझी चूक झाली. पुन्हा लिहा, मी रजा घेऊन येतो, तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"न्हाई," ते म्हणाले. "येकदा गेलो त्या वाटेनं. पुन्यांदा न्हाई व्हायचं."

"निदान मायला तोंडी सांगा."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. कॉम्प्युटरवर त्यांनी कापड टाकलं. दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, झोपेतच ते गेले.

त्या दोन वर्षांत माय त्यांच्याशी कमी बोलायची. मी आलो की जेवायला वाढताना ते माझ्या लक्षात यायचं. त्यांचं ताट ती ठेवायची आणि आत निघून जायची. म्हातारपणी माणसं अशीच होतात असं मला वाटायचं.

बाबा गेल्यावर महिन्याभरानं घर आवरत होतो. माय दारात बसून तांदूळ निवडत होती. त्या कॉम्प्युटरचं काय करायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "टाकून दे. ज्यात लिवलं त्यात न्हाई राहिलं, ज्यानं लिवलं तो बी न्हाई."

आणि मग खाली बघत म्हणाली, "मला सांगायचं नव्हतं तर तसं म्हनायचं. पुसून कशाला टाकलं?"

"कुणी पुसलं?"

"त्येंनीच. मी इचारलं, त्ये म्हनले, माझ्याच हातून पुसलं गेलं. मला कळंना व्हय? तिच्या बाबतीत काई तरी असं झालं आसन का मला सांगवंना. लिवलं, आन् लाज वाटली आसन. म्हनून पुसलं."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिला सगळं सांगितलं: दोन अँटिव्हायरस, रोजचे फोन, दिवाळीतली ती निवड. तिला चौकटी आणि पर्याय समजले नसतील. पण पुसणारा मी होतो आणि बाबांनी ते स्वतःवर घेतलं होतं, एवढं समजलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"दोन साल," ती म्हणाली. "दोन साल मी त्येंला धड पानी इचारलं न्हाई."

तिनं मला दोष दिला नाही, आजवर दिलेला नाही. त्या दिवशी तिनं तांदूळ तसेच राहू दिले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. संध्याकाळी मी चहा करून नेला तर म्हणाली, "ठिव." चहा निवला, तरी तिनं घेतला नाही.