आर्लीनची व्हॅन आणि रोज उतरणारी बॅटरी

आमची आर्लीन हट्टी, हे इंडियानातल्या या अख्ख्या गल्लीला ठाऊक. जन्मभर शाळेच्या कॅन्टीनमध्ये रांधून पोरांच्या गळी पालकाची भाजी उतरवलेली बाई ती. जुन्या व्हॅनपुढे हात टेकेल होय? उंच छत, खिडक्यांना पडदे, मागे पलंग होणारा सोफा. याच गाडीतून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, व्हर्ननं, अर्धा देश पालथा घातला. हल्ली गिअर न्यूट्रलला टाकल्याशिवाय गाडी सुरूच व्हायची नाही. तेही तिनं चालवून घेतलं. पण नवी बॅटरी टाकूनसुद्धा रोज सकाळी नुसता ठणठणाट!

त्यात व्हर्नला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. वॉकर धरून जेमतेम न्हाणीघरापर्यंत जायचा. मुलगा ड्वेन फोनवर म्हणाला, "आई, गाडी सुरू होत नाही, बाबांना चढता येत नाही. ठेवायची कशाला? शनिवारी गिऱ्हाईक आणतो."

शुक्रवारी आर्लीन माझ्या दारात हजर.

"लोइस, तुझ्या नवऱ्याचा तो वीज मोजायचा मीटर काढ."

"तो गेल्यापासून हात नाही लावला गं."

"मग आता लाव. गाडी गेली की व्हर्न हातपाय गाळणार. मला नाही बघवायचं ते."

बॅटरी चार्ज करून घेतली, तिची एक तार सोडवून मध्ये मीटर जोडला. चावी बंद, दारं बंद, तरी आकडा वर. म्हणजे कुणीतरी गुपचूप वीज खात होतं. आर्लीन आत बसून एकेक फ्यूज उपटत होती आणि मी बाहेरून "नाही, नाही" ओरडत होते. मागच्या भागाचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन खाली आला.

"मागे तर कुणी बसतच नाही!" फ्यूज परत लावत ती म्हणाली.

आम्ही मागे गेलो. सोफ्यावर हेडफोन पडले होते. आर्लीननं ते कानाला लावले.

"अगं, बेसबॉलची मॅच चाललीय!"

मागच्या रेडिओची तार चावीशी न जोडता फ्यूजमधून थेट बॅटरीवर. चावी काढली तरी तो आपला चालूच. आणि सोफ्याखाली खाऱ्या शेंगांच्या टरफलांचा ढीग.

"व्हर्नचं मीठ बंद केलंय ना?" मी विचारलं.

ती मटकन खाली बसली. "दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा येत असणार. लोइस, दोन पायऱ्या चढतो गं तो!" हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. मीही रडले, लपवू कशाला?

घरात जाऊन तिनं व्हर्नला फैलावर घेतलं. "पडला असतास म्हणजे? सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर चढू दिलं असतंस?" तो म्हणाला.

शनिवारी ड्वेन गिऱ्हाईक घेऊन आला. आर्लीननं गिअर न्यूट्रलला टाकला, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"पण बाबांचं काय?" ड्वेन म्हणाला.

व्हर्ननं वॉकर बाजूला सारला, व्हॅनच्या दाराचा दांडा धरला आणि स्वतःला वर ओढलं. वेळ लागला. ड्वेन धरायला धावला, तसं आर्लीननं त्याला मागे खेचलं. व्हर्न सोफ्यावर टेकला, धापा टाकत हेडफोन चढवले. ड्वेन तोंड वासून बघत राहिला. गिऱ्हाईक समंजस होतं, आल्या पावली निघून गेलं.

आर्लीन दारातून ओरडली, "बस खुशाल! पण मेल्या, उतरताना रेडिओ बंद कर!"