विनूभियाचा रिकामा पुठ्ठा

विनूभिया गेल्याचं त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते. त्या क्षणी मनात आलं ते हेच, की आता हे भांडण माझ्या एकटीचं उरलं...

तो पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि शनिवारी संध्याकाळी मल्हारगंजातल्या आपल्या घरी आम्हा पाच जणांना खेळवायचा. खेळ गोष्टीचा. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, विनूभियाने गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासे टाकायचे. अशा गोष्टींची छापील पुस्तकं मिळतात. परदेशी, जाड पुठ्ठ्याची, अतोनात महाग. त्याने बोनस घालून त्यातलं एक घेतलं आणि मी भडकले. माझे बाबा युनियनची पत्रकं छापायचे, वाचायला मी त्यांवरच शिकले. दुमडलेल्या कागदांत जे मावतं त्याला एवढा पुठ्ठा कशाला?

पुस्तक तो टेबलावर उघडं, उभं ठेवायचा, आडोशासारखं. आम्हाला दिसायचं फक्त बाहेरचं चित्र, पाण्यात बुडालेला किल्ला. महिना गेला तरी त्याने पान उलटलेलं मी पाहिलं नाही. नजर सारखी मांडीकडे.

‘‘भिया, जरा बघू तरी.’’

‘‘हात धुतलेस का? पोह्यांचं तेल लागेल. इतकी महंगी किताब आहे, यार.’’

सगळे हसले. मला मात्र खात्री पटली, ही वस्तू मिरवायची आहे. शिवाय रविवारी तो कुठेतरी जायचा. विचारलं की म्हणायचा, ‘‘काम आहे.’’ पैसेवाल्यांच्या घरी खेळ चालवत असणार, असा माझा तर्क. बाबांचा लांब दांड्याचा स्टेपलर दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला, तोही परत येईना. शेवटी मी एक पत्रक लिहिलं. गोष्ट सगळ्यांची असते, पुठ्ठा विकत घेणाऱ्याची नव्हे, असं त्यात होतं. ते त्याच्याच टेबलावर मोठ्याने वाचलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘पर्चेवाली, लिहितेस मस्त,’’ एवढंच म्हणाला. मला ती टिंगल वाटली. पुन्हा गेले नाही.

तेराव्याला सांवेरहून एक शिक्षिका आल्या. फोटोला हार घालून त्यांनी पिशवीतून एक पातळ वही काढून वहिनींना दिली. ‘‘भियाजींची आहे. आमचा तिसरा भाग संपला, चौथा घ्यायचा होता.’’

ती वही नव्हती. गुळगुळीत छापील पानं, मधल्या घडीवर दोन पिना. तशा पिना घडीवर बरोबर बसवायला बाबांचाच स्टेपलर लागतो.

वहिनींनी कपाटातून ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. इतकं हलकं, की मी दचकले. आत एकही पान नव्हतं. आणल्यावर आठवड्याभरातच त्याने शिलाई उसवून सहा भाग केले होते. दर रविवारी तो बसने सांवेरला जायचा आणि तिथल्या शाळेत हाच खेळ खेळणाऱ्या मंडळींचा एक भाग संपला, की पुढचा द्यायचा. आमच्यासाठी लागणारा मांडीवर असायचा.

‘‘मला सांगितलं का नाही त्याने?’’

‘‘मी म्हटलं होतं सांग म्हणून,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तर म्हणे, ती लगेच म्हणेल, बघा, मी जिंकले. मग आणखी एक पर्चा काढेल.’’

काढलाच असता मी. त्याने मला नीट ओळखलं होतं, मी त्याला नाही.

तरीही, पुठ्ठ्यावरचा माझा संशय फिटलेला नाही. एवढं महाग पुस्तक घेऊन ते फाडावं लागत असेल, तर किंमत कशाची मोजली? भिया असता तर यावर वाद घालता आला असता. तो मात्र बहुधा हसून पोह्यांची बशी पुढे सरकवून मोकळा झाला असता...

वहिनींनी स्टेपलरबरोबर पुठ्ठा आणि सुटे भागही मला दिले. माझ्या टेबलावर पुठ्ठा उभा असतो, बुडालेला किल्ला माझ्याकडे तोंड करून. पाच भाग त्यात ठेवले आहेत. चौथा त्या बाई त्याच दिवशी सांवेरला घेऊन गेल्या. मी तो परत मागितलेला नाही.