टर्बोच्या तेलाला कूलर

आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने किल्ली देताना सहज म्हटलं, "टर्बो आहे बरं, जरा जपून." त्या एका शब्दाने माझा नवरा बिघडला.

भंडाऱ्यात आमचं साड्यांचं दुकान. हातमागाच्या रेशमावर हा माणूस तासभर बोलू शकतो, पण इंजिनाशी त्याचा संबंध स्कूटरच्या किकपुरताच होता. आता मात्र गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर इंजिनं बघत बसे. जेवताना मला सांगे, "टर्बोतली चक्री मिनिटाले लाखाच्या वर फेरे मारते. अन् तिच्या आसाले थंड कोण ठेवते? तेल! मंग तेलाले थंड कोण ठेवन?"

"कोण?"

"ऑइल कूलर."

आणि त्याने तो मागवलासुद्धा. खोकं आलं आणि गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या काकूंनी मला कुंपणावरून विचारलं, "गाडीत कूलर लावून राहिले म्हणे? वाळ्याच्या ताट्या कुठी बसवसान? अन् पाणी कोण टाकन?" उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीतलाच. मी इतकी हसले की उत्तर द्यायचं राहूनच गेलं. काकूंना वाटलं, मी लपवतेय.

त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ लाखांदूरहून तांदळाचं पोतं घेऊन एस.टी.ने आला. त्याची धानाची शेती. खोकं पाहून तो म्हणाला, "जवाईबापू, माह्या ट्रॅक्टरलेही टर्बो हाय. चिखलात दिवसभर चालते. मी तं नाई लावला कूलर. कूलर मले लागते, घरी आल्यावर."

"दादा, ट्रॅक्टरची गोष्ट अलग हाय."

"काहून अलग? तेल तेलच असते ना!"

तांदळाचं पोतं दारातच राहिलं आणि चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की गाडीलाच विचारायचं. नवऱ्याकडे स्टिअरिंगखाली खोचायचं एक यंत्र होतं, ते तेलाचं तापमान मोबाईलवर दाखवी. ऐन उन्हात आंबागडपर्यंत गाडी दामटायची आणि तेल किती तापतं ते बघायचं. आता चालवणार कोण? दोघांचा एकमेकांच्या ॲक्सिलरेटरवरच्या पायावर विश्वास नव्हता. म्हणून चावी माझ्याकडे आली. मी हिवाळ्यात परवाना काढला होता आणि तोवर बाजाराच्या पुढे गाडी नेली नव्हती.

तुमसर रोडला लागलो तसा नवरा पुढच्या सीटवर मोबाईल धरून आकडे सांगू लागला. इंजिनाचं पाणी केव्हाच तापलं होतं, तेल मात्र सावकाश चढत होतं. "अठ्ठ्याऐंशी! एक्क्याण्णव!"

"दाब ना जराशी," तो मला म्हणाला.

मी आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकत होते. एरवी मी दुसऱ्या गिअरमध्ये असले तरी हा माणूस दाराचा दांडा घट्ट धरून बसतो. मागून दादा ओरडला, "अवं, सावकाश! तेल तापवाची घाई कायले?"

नवऱ्याने हळूच एसी पूर्ण वाढवला, इंजिनावर भार यावा म्हणून. दादाने मधून हात घालून तो बंद केला. याने पुन्हा लावला, त्याने पुन्हा बंद केला. आम्ही तिघंही घामाने निथळत होतो. पुढे एक ट्रक डुलत चालला होता. रस्ता मोकळा दिसला आणि मी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही, मग टर्बोने श्वास भरला आणि गाडीने आम्हाला असं मागे रेटलं की तिघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. ट्रक मागे पडला. मी किंचाळले. भीतीने नाही, आनंदाने.

"एकशे आठ!" नवरा.

"त्यात का होते!" दादा.

"आणखी एक ट्रक दिसून राहिला," मी म्हणाले, आणि दोघांनीही दाराचा दांडा धरला.

एवढं पळवूनही आकडा एकशे बाराच्या वर गेला नाही. एकशे तीसच्या वर बराच वेळ राहिलं तर तेलाची खरी काळजी, असं नवऱ्यानेच सांगितलं होतं. दादा मागे गुणगुणायला लागला.

आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली थांबलो. नवऱ्याने मला लगेच इंजिन बंद करू दिलं नाही. "टर्बोले दम घेऊ दे," म्हणत तो मिनिटभर गंभीर चेहऱ्याने बसला. मग बॉनेट उघडून, कूलर कुठे बसवता येईल ते दाखवायला त्याने मोबाईलचा उजेड आत मारला.

तेलाच्या फिल्टरच्या बुडाशी मला एक छोटा चपटा डबा दिसला. त्याला पाण्याचे दोन पाइप जोडलेले होते.

"हे काय हाय?"

नवरा वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. शेवटी बारीक आवाजात म्हणाला, "ऑइल कूलर."

"म्हंजे?"

"कंपनीनंच लावून देल्ला. इंजिनाच्या पाण्यानं तेल थंड करते."

मग दोघं एकदमच ओरडले. नवरा म्हणे, "पाहा! टर्बोले कूलर लागतेच!" दादा म्हणे, "पाहा! वरून लावाची गरजच नाई!" दोघंही जिंकले होते आणि दोघंही खरंच बरोबर होते. घाटात ओझं ओढणाऱ्याला किंवा शर्यतीत पळवणाऱ्याला दुसरा कूलर लागतही असेल. आमच्या दुकान ते बाजार एवढ्या संसाराला नाही. ते एकमेकांचे हात हलवत अभिनंदन करत होते. मी हसून हसून मोहाच्या मुळावर बसले. बकऱ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली.

"गाडी बंद पडली का बापा?"

"नाई माय," दादा म्हणाला, "चांगली हाय म्हून पाहून राहिलो."

घरून आणलेल्या भाकरी तिथेच खाल्ल्या. दादाला सोडायला थेट लाखांदूरला जायचं ठरलं. एवढ्या लांब मी कधीच चालवली नव्हती, पण चावी कोणी मागितली नाही आणि मीही दिली नाही. जेवण आणि विजय दोघांच्याही अंगावर आला. गप्पा मारायला नवराही मागे दादाजवळ बसला होता; साकोलीच्या अलीकडेच दोघं तोंडं उघडी टाकून झोपले. पुढच्या सीटवर राहिलेला आकड्यांचा मोबाईल मी पालथा ठेवला. सानगडीला उतरून एकटीनेच उसाचा रस प्यायले, खिडकीतून दोघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा निघाले. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं उन्हाळी धान होतं आणि मी मोठ्याने गात होते.

ऊन कलताना दादाच्या दारात हॉर्न दिला. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली.

"बाप्पा! गाडी तुवं आणली? आंबागडावून?"

"हो."

"अन् हे दोघं?"

"झोपू दे त्याईले," मी म्हणाले. "ये, बस समोर. तुले एक चक्कर मारून आणतो."

वहिनीने पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली.